पाण्याखालचे गणित : नायट्रॉक्स आणि ‘समतुल्य हवा-खोली’

प्रतिनिधी

शहापूर (जि. भंडारा) : तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात पाणी कुणालाच परके नाही. वैनगंगेच्या काठावर आणि मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे ढीवर बांधव श्वास रोखून तळ गाठतात. त्यांना सिलिंडर लागत नाही आणि कोष्टकही लागत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत सुटीसाठी मालवण, तारकर्ली, गोवा किंवा अंदमान गाठणाऱ्या विदर्भातील पर्यटकांच्या बोलण्यात ‘स्कूबा’ हा शब्द रुळला आहे. एकदा हौस भागवून न थांबता रीतसर प्रमाणपत्र घेणारेही आता आढळतात. अशा हौशी पाणबुड्यांपुढे दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर येणारा विषय म्हणजे ‘नायट्रॉक्स’ आणि त्यासोबतचे ‘समतुल्य हवा-खोली’चे गणित. इंग्रजीत त्यास ‘इक्विव्हॅलंट एअर डेप्थ’ किंवा थोडक्यात ‘ईएडी’ असे म्हणतात. हे गणित सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल इतके सोपे आहे. चुकले तर मात्र त्याची किंमत सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत, प्रसंगी प्राणानेही मोजावी लागते.

सिलिंडरमध्ये असते तरी काय?

पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्याला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते. बातम्यांतही हाच शब्दप्रयोग आढळतो. प्रत्यक्षात त्यात शुद्ध प्राणवायू नसतो. आपण श्वासावाटे घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, प्रचंड दाबाखाली त्यात भरलेली असते. या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू आणि ७९ टक्के नत्रवायू असतो. अत्यल्प प्रमाणातील इतर वायू गणिताच्या सोयीसाठी नत्रवायूतच धरले जातात. शुद्ध प्राणवायू घेऊन कुणी खोल गेला, तर सहा मीटरच्या पुढे तो वायूच त्याच्यासाठी विष ठरू लागतो.

नायट्रॉक्स म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण. त्या अर्थाने साधी हवादेखील नायट्रॉक्सच होय. व्यवहारात मात्र २१ टक्क्यांहून अधिक प्राणवायू असलेल्या मिश्रणालाच हे नाव दिले जाते. हौशी पाणबुड्यांत ३२ टक्के आणि ३६ टक्के प्राणवायूची दोन मिश्रणे सर्वाधिक प्रचलित आहेत. प्राणवायू वाढला की नत्रवायू तेवढाच घटतो, म्हणजे ३२ टक्क्यांच्या मिश्रणात ६८ टक्के आणि ३६ टक्क्यांच्या मिश्रणात ६४ टक्के नत्रवायू उरतो. हा कमी झालेला नत्रवायू हेच नायट्रॉक्सचे सारे मर्म आहे.

नत्रवायूचे दुखणे

समुद्रात प्रत्येक दहा मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन आणि तीस मीटरवर चार वातावरण असा हा हिशेब आहे. द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. त्यानुसार पाणबुडा जितका खोल जाईल आणि जितका वेळ तेथे राहील, तितका अधिक नत्रवायू त्याच्या रक्तात व ऊतींत विरघळतो. शरीर प्राणवायू वापरते. नत्रवायूचा मात्र त्याला काही उपयोग नसल्याने तो साचत राहतो.

पाणबुडा सावकाश वर आला, तर हा साठा फुप्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडतो. तो घाईने वर आला किंवा मर्यादेपेक्षा अधिक वेळ खाली राहिला, तर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच उघडताच फेस यावा तसे नत्रवायूचे बुडबुडे शरीरातच तयार होतात. सांधे दुखणे, त्वचेला खाज सुटणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, कंबरेखालचा भाग लुळा पडणे अशी त्याची लक्षणे आहेत. हा विकार ‘डीकम्प्रेशन सिकनेस’ किंवा ‘बेंड्स’ या नावाने ओळखला जातो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नत्रवायूचे बुडबुडे हे त्याचे कारण असल्याचे दाखवून दिले. पुढे १९०८ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बॉयकॉट व डॅमंट या सहकाऱ्यांसमवेत पाणबुड्यांसाठी पहिली शास्त्रशुद्ध कोष्टके तयार केली. कोणत्या खोलीवर किती मिनिटे राहावे, हे सांगणारी आजची सर्व कोष्टके त्याच परंपरेतील आहेत.

ही कोष्टके प्रामुख्याने साध्या हवेसाठी असतात. मग श्वासासाठी हवा नसून नायट्रॉक्स असेल, तर कोष्टक वाचायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे समतुल्य हवा-खोली होय.

सूत्र आणि त्यामागील तर्क

मिश्रणातील प्रत्येक वायू आपल्या प्रमाणानुसार स्वतंत्रपणे दाब देतो, हा जॉन डाल्टन यांचा नियम येथे उपयोगी पडतो. या दाबाला आंशिक दाब म्हणतात. तीस मीटर खोलीवर एकूण दाब चार वातावरण असतो. साधी हवा घेणाऱ्या पाणबुड्यावर तेथे नत्रवायूचा आंशिक दाब ४ × ०.७९ म्हणजे ३.१६ वातावरण येतो. ३२ टक्क्यांचे नायट्रॉक्स घेणाऱ्यावर तो ४ × ०.६८ म्हणजे २.७२ वातावरण इतकाच असतो.

आता विचारायचे ते एवढेच, की साधी हवा घेतली असता नत्रवायूचा दाब २.७२ वातावरण कोणत्या खोलीवर झाला असता? २.७२ ला ०.७९ ने भागले, की ३.४४ वातावरण हा एकूण दाब मिळतो. हा दाब समुद्रात २४.४ मीटरवर आढळतो. म्हणजेच नायट्रॉक्स घेऊन तीस मीटरवर असलेल्या पाणबुड्याच्या शरीरात नत्रवायू ज्या गतीने शिरतो, ती गती साधी हवा घेऊन २४.४ मीटरवर असलेल्या पाणबुड्याइतकीच असते. हीच त्याची समतुल्य हवा-खोली.

हाच तर्क एका ओळीत असा मांडता येतो :

समतुल्य हवा-खोली = [(प्रत्यक्ष खोली + १०) × मिश्रणातील नत्रवायूचा अंश ÷ ०.७९] − १०

येथे खोली मीटरमध्ये आणि नत्रवायूचा अंश दशांशात घ्यावयाचा असतो. दहा मिळवायचे ते पाण्यावरील वातावरणाचा दाब हिशेबात धरण्यासाठी, आणि शेवटी दहा वजा करायचे ते पुन्हा पाण्याच्या खोलीवर येण्यासाठी. हे दहा मिळवण्यास आणि वजा करण्यास विसरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तसे केल्यास तीस मीटरचे उत्तर २५.८ येते. या उदाहरणात ते सुरक्षिततेच्या बाजूने चुकते खरे, पण सूत्राचा अर्थच न कळल्याची ती खूण असते.

कोष्टकात फरक किती पडतो?

जगभर वापरात असलेल्या ‘पाडी’ या प्रशिक्षण संस्थेच्या मेट्रिक कोष्टकानुसार, वर येताना सक्तीचे थांबे न घेता साध्या हवेवर तीस मीटरला जास्तीत जास्त २० मिनिटे राहता येते. पंचवीस मीटरला ही मर्यादा २९ मिनिटे, बावीस मीटरला ३७ मिनिटे आणि अठरा मीटरला ५६ मिनिटे आहे.

वरील उदाहरणात उत्तर २४.४ मीटर आले. कोष्टकात ही खोली नाही. अशा वेळी नेहमी पुढची, म्हणजे अधिक खोलीची ओळ घ्यावी असा दंडक आहे. त्यानुसार पंचवीस मीटरची ओळ घेतली, की मर्यादा २९ मिनिटे मिळते. म्हणजे प्रत्यक्ष तीस मीटरवर २० ऐवजी २९ मिनिटे. बुडालेल्या जहाजाची पाहणी करणाऱ्याला किंवा प्रवाळांची नोंद घेणाऱ्या संशोधकाला ही नऊ मिनिटे मोलाची असतात.

३६ टक्क्यांच्या मिश्रणावर २८ मीटर खोलीचे उदाहरण घेऊ. ३८ × ०.६४ ÷ ०.७९ बरोबर ३०.८. त्यातून दहा वजा केले की २०.८ मीटर. कोष्टकातील पुढची ओळ बावीस मीटरची, मर्यादा ३७ मिनिटे. साध्या हवेवर २८ मीटरसाठी तीस मीटरची ओळ घ्यावी लागली असती आणि हाती केवळ २० मिनिटे आली असती.

निरनिराळ्या खोलींसाठी येणारी उत्तरे अशी :

१८ मीटर : ३२ टक्क्यांवर १४.१ मीटर, ३६ टक्क्यांवर १२.७ मीटर
२४ मीटर : ३२ टक्क्यांवर १९.३ मीटर, ३६ टक्क्यांवर १७.५ मीटर
२८ मीटर : ३२ टक्क्यांवर २२.७ मीटर, ३६ टक्क्यांवर २०.८ मीटर
३० मीटर : ३२ टक्क्यांवर २४.४ मीटर, ३६ टक्क्यांवर निषिद्ध
३३ मीटर : ३२ टक्क्यांवर २७.० मीटर, ३६ टक्क्यांवर निषिद्ध

शेवटच्या दोन ओळींतील ‘निषिद्ध’ हा शब्द या साऱ्या विषयाची दुसरी बाजू दाखवतो.

प्राणवायूची दुधारी तलवार

नायट्रॉक्स घेतले की अधिक खोल जाता येते, असा एक समज रूढ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नायट्रॉक्सवर खोलीची मर्यादा कमी होते. प्राणवायूचा आंशिक दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर मज्जासंस्थेवर त्याचा विषारी परिणाम होतो आणि अपस्मारासारखे झटके येतात. हे झटके जमिनीवर आले, तर माणूस सावरू शकतो. पाण्याखाली मात्र तोंडातील श्वसननळी सुटते आणि पाणबुडा बुडतो. अनेकदा आधी कोणतीही सूचना मिळत नाही. म्हणूनच हौशी पाणबुड्यांनी हा दाब १.४ वातावरणापेक्षा अधिक होऊ देऊ नये आणि १.६ ही केवळ आपत्कालीन मर्यादा मानावी, असा सर्वमान्य नियम आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी संस्थेच्या कोष्टकानुसार १.४ वातावरणाला एका वेळी १५० मिनिटांची आणि १.६ ला अवघ्या ४५ मिनिटांची मर्यादा आहे.

कमाल खोलीचे सूत्रही सोपे आहे. १.४ ला प्राणवायूच्या अंशाने भागावे, त्यातून एक वजा करावा आणि दहाने गुणावे. ३२ टक्क्यांसाठी हे उत्तर ३३.७५ मीटर, ३६ टक्क्यांसाठी २८.९ मीटर आणि ४० टक्क्यांसाठी २५ मीटर येते. म्हणून ३६ टक्क्यांचे मिश्रण घेऊन तीस मीटरवर जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

थोडक्यात, पाणबुड्याला दोन हिशेब करावे लागतात. समतुल्य हवा-खोली सांगते, ‘किती वेळ?’ कमाल खोली सांगते, ‘किती खोल?’ पहिले उत्तर कितीही आकर्षक आले, तरी दुसरे आधी पाहायचे असते.

चुकीच्या लेबलाची किंमत

हे दोन्ही हिशेब एकाच आकड्यावर उभे आहेत, तो म्हणजे सिलिंडरमधील प्राणवायूची टक्केवारी. तो आकडा चुकला, की पुढचे अचूक गणितही व्यर्थ ठरते.

समजा, सिलिंडरवर ३६ टक्के लिहिले आहे, पण आत प्रत्यक्षात ३२ टक्केच प्राणवायू आहे. पाणबुडा २८ मीटरवर ३७ मिनिटांचा बेत आखतो. खरी समतुल्य खोली मात्र २०.८ नसून २२.७ मीटर असते, आणि त्याला २९ मिनिटांचीच मुभा असते. तो नकळत आठ मिनिटे अधिक राहतो आणि बेंड्सचा धोका ओढवून घेतो.

आता उलट प्रकार पाहू. सिलिंडरवर ३२ टक्के लिहिले आहे, आत मात्र ४० टक्के प्राणवायू आहे. पाणबुडा निर्धास्तपणे ३३ मीटरवर जातो. तेथील एकूण दाब ४.३ वातावरण. त्याच्या ४० टक्के म्हणजे १.७२ वातावरण, आपत्कालीन मर्यादेच्याही वर. येथे झटका येण्याची शक्यता प्रत्यक्षात उभी राहते.

म्हणूनच सिलिंडर कुणीही भरलेले असो, ते वापरणाऱ्याने स्वतः प्राणवायूमापक यंत्राने तपासावे, टक्केवारी, कमाल खोली व तारीख चिकटपट्टीवर लिहून स्वाक्षरी करावी, हा जगभरचा शिरस्ता आहे. मनगटावरील ‘डाइव्ह कॉम्प्युटर’ आज हे सारे गणित आपोआप करतो. पण त्यात टक्केवारी भरायची असते माणसानेच, आणि चुकीचा आकडा भरला तर यंत्र चुकीचेच उत्तर तितक्याच निष्ठेने देते.

‘सैतानी वायू’ ते अभ्यासक्रम

नायट्रॉक्सचा प्रवास सुरळीत झालेला नाही. ‘नोआ’ या संस्थेत डॉ. मॉर्गन वेल्स यांनी १९७० च्या दशकात शास्त्रज्ञ-पाणबुड्यांसाठी ३२ टक्क्यांचे मिश्रण रूढ केले. १९७९ मध्ये संस्थेच्या पाणबुड्यांसाठीच्या मार्गदर्शक ग्रंथात त्याची कार्यपद्धती प्रसिद्ध झाली. त्याच संस्थेतून निवृत्त झालेल्या डिक रुटकोव्हस्की यांनी १९८५ मध्ये हे तंत्र हौशी पाणबुड्यांपर्यंत नेले. १९९० च्या दशकारंभी त्याला तीव्र विरोध झाला. ‘सैतानी वायू’ अशी त्याची संभावना करण्यात आली. पुढे मात्र मोठ्या प्रशिक्षण संस्थांनी एकामागून एक त्याचा स्वीकार केला. ‘पाडी’ने १९९६ मध्ये त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. आज तो सर्वाधिक घेतल्या जाणाऱ्या विशेष अभ्यासक्रमांपैकी एक आहे.

आपल्याकडे उपयोग कोठे?

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यालगत पर्यटकांना प्रशिक्षकाच्या हाताला धरून जे स्कूबा घडवले जाते, ते काही मीटर खोलीचे असते. तेथे साधी हवाच वापरतात आणि नायट्रॉक्सचा काही लाभही नसतो. इतक्या उथळ पाण्यात वेळेची मर्यादा नत्रवायू घालत नाही, सिलिंडरमधील हवाच आधी संपते. नायट्रॉक्स घेतल्याने सिलिंडर अधिक वेळ पुरते, हाही गैरसमजच. श्वासाला लागणारा वायू तेवढाच लागतो.

खरा फरक पडतो तो साधारण १८ ते ३३ मीटरच्या पट्ट्यात. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर खोल समुद्रात असलेले आंग्रिया बँक हे त्याचे उत्तम उदाहरण. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बुडीत पठाराचा माथाच सुमारे वीस मीटर पाण्याखाली आहे. तेथील प्रवाळांची पाहणी करताना प्रत्येक मिनिट हिशेबाचे असते. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका निवती खडकांजवळ समुद्रतळी ठेवण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला, तोही याच जातीच्या खोलीसाठी. महामंडळाची तारकर्ली येथे स्कूबा प्रशिक्षणाची संस्थाही आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात काय?

भंडारा जिल्ह्यातील तलाव उथळ, आणि नदीचे व गोसेखुर्द जलाशयाचे पाणी बहुधा गढूळ. त्यामुळे येथे नायट्रॉक्सची गरज भासण्याचे कारण नाही. तरीही सूत्राची मर्यादा समजून घेण्यासाठी हा प्रदेश चांगला आहे. सूत्रातील ‘दहा’ हा आकडा समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी आहे. गोडे पाणी हलके असल्याने तेथे एक वातावरण दाब वाढण्यास सुमारे १०.३ मीटर खोली लागते. शिवाय भंडारा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाबही समुद्रकाठापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी कमी असतो. बहुतेक कोष्टके तीनशे मीटर उंचीपर्यंत जशीच्या तशी वापरता येतात. त्याहून उंचावरील जलाशयांसाठी निराळे हिशेब करावे लागतात.

परतीच्या वाटेवर

विदर्भातील पाणबुड्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पाण्याबाहेरचा आहे. समुद्रातून वर आल्यानंतरही शरीरात नत्रवायूचा साठा शिल्लक असतो. उंचावर गेल्यास हवेचा दाब घटतो आणि बुडबुडे होण्याचा धोका पुन्हा निर्माण होतो. म्हणून विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास आणि थांबे घ्यावे लागलेल्या बुडीनंतर त्याहूनही बरेच अधिक थांबावे, अशी शिफारस आहे. सुमारे सहाशे मीटरपासूनच्या उंचीला ती लागू होते. मालवणहून घाटमाथ्यावर येताना लागणारी आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. सकाळी बुडी आणि दुपारी घाट, हा बेत त्यामुळे टाळलेलाच बरा. नायट्रॉक्स घेतले म्हणून हा नियम सैल होत नाही.

बेंड्सची लक्षणे बहुधा पहिल्या चोवीस तासांत दिसतात, म्हणजे भंडारा-नागपूरकडच्या प्रवाशाच्या बाबतीत ती रेल्वेत किंवा घरी पोहोचल्यावरही उद्भवू शकतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात सांधेदुखी वा मुंग्यांची तक्रार ऐकून डॉक्टरांच्या मनात हा विकार सहसा येत नाही. म्हणून रुग्णाने आपण केव्हा, किती खोल आणि किती वेळ पाण्याखाली होतो, हे आपणहून सांगावे. शुद्ध प्राणवायू देणे हा प्रथमोपचार, तर उच्चदाब कक्षातील उपचार हा खरा इलाज. सागरी वैद्यकाचे देशातील प्रमुख केंद्र मुंबईत कुलाबा येथील नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात आहे.

बुडीपूर्वीच्या पायऱ्या

१. सिलिंडरमधील प्राणवायूची टक्केवारी स्वतः मोजा आणि त्यावर लिहा.
२. १.४ वातावरणाच्या मर्यादेने कमाल खोली काढा. नियोजित खोली तिच्यापेक्षा अधिक असल्यास बेत बदला.
३. शंभरातून प्राणवायूची टक्केवारी वजा करून नत्रवायूचा अंश काढा.
४. सूत्राने समतुल्य हवा-खोली काढा.
५. कोष्टकात नेमकी खोली नसल्यास पुढची, अधिक खोलीची ओळ घ्या.
६. त्याच दिवशी दुसरी बुडी घ्यायची असल्यास पहिल्या बुडीचा उरलेला नत्रवायू हिशेबात धरा आणि समतुल्य खोली पुन्हा काढा.
७. खोलीची मर्यादा तपासताना प्रत्यक्ष खोलीच धरा. समतुल्य खोली केवळ वेळेसाठी आहे.

हे गणित कागदावर येणे म्हणजे नायट्रॉक्स वापरण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करणे आवश्यक आहे.